निवृत्तिवेतन : हक्क खरा, पण तरतूद कोठे आहे?

१ नोव्हेंबर २००५ रोजी लक्ष्मीपूजन होते. पेढ्यांवर आणि दुकानांत त्या सायंकाळी हिशेबाच्या वह्यांची रीतीप्रमाणे पूजा झाली. त्याच दिवसापासून महाराष्ट्र शासनानेही आपल्या वहीत एक नवे पान उघडले. या दिवशी किंवा यानंतर जो शासनाच्या सेवेत येईल त्याला १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांचा लाभ मिळणार नाही. त्याच्या पगारातून दरमहा १० टक्के रक्कम कापली जाईल, शासन तितकीच रक्कम आपल्या पदरची घालील आणि या साठ्यातून जे निष्पन्न होईल त्यावर त्याने आपले म्हातारपण काढावे, असा तो निर्णय होता. आदल्या दिवशी रुजू झालेला कारकून आणि त्या दिवशी रुजू झालेला कारकून आजही एकाच कचेरीत शेजारी शेजारी बसतात. त्यांची वेतनश्रेणी एक, काम एक, साहेबही एकच. पण एकाला अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम महागाई भत्त्यासह मरेपर्यंत मिळणार आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार. दुसऱ्याचे भवितव्य मात्र बाजाराच्या तेजीमंदीला बांधलेले. शाळेच्या शिक्षक-खोलीतही हीच दुफळी आहे. एका रात्रीच्या अंतराने माणसांच्या वार्धक्याची अशी वाटणी व्हावी, याचा सल लागणे स्वाभाविक आहे.

हा सल मार्च २०२३ मध्ये रस्त्यावर आला. १४ मार्चपासून सात दिवस राज्यातील शासकीय आणि निमशासकीय कर्मचारी व शिक्षक यांनी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत संप केला. १९७७-७८ च्या हिवाळ्यातील ५४ दिवसांचा संप ज्यांना आठवतो, त्यांना या संपाची लांबी फार वाटणार नाही. पण तो संप केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी, म्हणजे चालू महिन्याच्या पगारासाठी होता. २०२३ चा संप वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या उत्पन्नासाठी होता. तरुण माणसे आपल्या म्हातारपणासाठी संप करू लागतात, तेव्हा शासनाच्या शब्दावरील त्यांचा विश्वास कोठेतरी उडालेला असतो. प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे. तो केवळ तिजोरीचा नाही आणि केवळ कर्मचाऱ्यांच्या मागणीचाही नाही. शासन जो शब्द देते त्याची किंमत कोण, केव्हा आणि कशातून चुकवणार, असा तो प्रश्न आहे.

तनखा आणि हक्क

निवृत्तिवेतन ही देणाऱ्याची कृपा की घेणाऱ्याचा हक्क, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८१८ मध्ये राज्य सोडून ब्रह्मावर्ताला गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाला कंपनी सरकारने सालीना आठ लाखांचा तनखा बांधून दिला. १८५१ मध्ये तो वारल्यावर डलहौसीच्या राजवटीने दत्तकपुत्र नानासाहेबांना तो नाकारला. तनखा व्यक्तीपुरता होता, तो देणाऱ्याच्या मर्जीचा होता, ही त्यामागची भूमिका. पुढे ब्रिटिश अमदानीत सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचे नियम झाले, तरी त्यांच्या मुळाशी हीच कल्पना राहिली. निष्ठेने सेवा केली म्हणून धनी खूष होऊन देतो, ते निवृत्तिवेतन.

स्वतंत्र भारतात या कल्पनेला न्यायालयाने मूठमाती दिली. निवृत्तिवेतन ही मालमत्ता आहे, ते देणे न देणे शासनाच्या लहरीवर अवलंबून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात म्हटले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल आला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठासाठी न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्राने निवृत्तिवेतन हे भिक्षा नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हे तत्त्व पक्के केले. ३१ मार्च १९७९ ही तारीख धरून त्या आधी निवृत्त झालेल्यांना उदार सूत्राचा लाभ नाकारणे हे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असाही निर्णय दिला. निवृत्तिवेतनधारक आजही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात, तो या कारणाने.

२००५ च्या तारखेविरुद्ध बोलताना कर्मचारी संघटना नकारा निकालाचा आधार घेतात. भावनेच्या दृष्टीने तो योग्य असला, तरी कायद्याच्या दृष्टीने पुरेसा नाही. तो निकाल एकाच योजनेत असलेल्या निवृत्तांमध्ये भेद करण्याविषयी होता. भविष्यनिर्वाह निधीची योजना आणि निवृत्तिवेतनाची योजना या दोन वेगळ्या गोष्टी असून एकीतील माणसाला दुसरीचा लाभ हक्काने मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या घटनापीठाने १९९० मध्ये रेल्वेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. तात्पर्य, नव्याने नेमणूक होणाऱ्यांसाठी सेवेच्या अटी बदलण्याचा अधिकार शासनाला आहे. तो अधिकार शासनाने शहाणपणाने वापरला का, हा खरा मुद्दा आहे.

न साठवलेला पैसा

निवृत्तिवेतन हा मागे ठेवलेला पगार आहे, हे तत्त्व मान्य केले की त्यातून एक अडचणीचा प्रश्न निघतो. पगार मागे ठेवला, तर तो ठेवला कोठे? जुन्या योजनेत याचे उत्तर ‘कोठेच नाही’ असे आहे. जुन्या योजनेला निधी नाही. आज निवृत्त झालेल्या तलाठ्याचे वा मुख्याध्यापकाचे निवृत्तिवेतन आजच्या करांतून दिले जाते. आज सेवेत असलेल्यांचे उद्याच्या करांतून दिले जाईल. कर्मचारी तीस वर्षे राबतो, त्याचे श्रम त्या त्या वर्षी समाजाच्या उपयोगी पडतात. पण त्या श्रमांची काही किंमत त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही. ती पुढच्या पिढीच्या नावे, काही न लिहिता, टाकली जाते.

नोकरांची संख्या थोडी होती, निवृत्तीनंतरचे आयुष्य थोडे होते, तोवर हे चालून गेले. साठ-सत्तरच्या दशकांत शाळा वाढल्या, पंचायत राज्य आले, आरोग्य केंद्रे आली, पाटबंधाऱ्यांची कामे निघाली. त्यासाठी झालेली मोठी नोकरभरती पुढे यथाकाल निवृत्त झाली. आयुर्मानही वाढले. आज साठी गाठलेला भारतीय सरासरीने आणखी सुमारे अठरा वर्षे जगतो, आणि ज्याला नियमित उत्पन्न व औषधोपचार मिळतो तो त्याहून अधिक. ही आनंदाची गोष्ट आहे. पण हिशेबाला ती जड जाते. त्यात दर सहामाहीला महागाई भत्ता आणि दर दहा वर्षांनी वेतन आयोग. वेतन आयोगाचे सूत्र सेवेतल्या माणसाबरोबर निवृत्तालाही लागू होते. निवृत्तिवेतनाचा खर्च वाढतो तो असा तिन्ही बाजूंनी : माणसे वाढतात, वर्षे वाढतात आणि दर वाढतो.

परिणाम अंदाजपत्रकात दिसतो. महाराष्ट्राच्या महसुली उत्पन्नातील निम्म्याहून अधिक वाटा वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज या तीन बाबींवर जातो. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात एकट्या संरक्षण खात्याच्या निवृत्तिवेतनासाठी १ लाख ६० हजार कोटी रुपयांहून अधिक तरतूद होती. म्हणजे संरक्षणावरील दर चार रुपयांतला जवळजवळ एक रुपया. २०२२ साली चार वर्षांच्या मुदतीचे, निवृत्तिवेतन नसलेले ‘अग्निवीर’ भरती करण्याचा निर्णय झाला, त्यामागे सैन्य तरुण ठेवण्याचे कारण सांगण्यात आले. पण या आकड्याचा विचार त्यामागे नव्हताच, असे कोण म्हणेल?

नवी योजना कोठे चुकली?

ही अडचण ओळखूनच केंद्राने १ जानेवारी २००४ पासून सैन्यदले वगळता नव्या नोकरांसाठी अंशदानाची योजना आणली. वाजपेयी सरकारने ती आणली, नंतरच्या डॉ. मनमोहन सिंग सरकारने ती चालू ठेवली आणि २०१३ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान दिले. पश्चिम बंगालसारखा अपवाद सोडला तर बहुतेक राज्यांनी ती पत्करली. तिच्यामागचे तत्त्व निर्दोष होते : जो पगार मागे ठेवायचा तो खरोखरच बाजूला काढून ठेवायचा, आणि ज्या वर्षीचे श्रम त्या वर्षीच त्याची किंमत मोजायची.

दोष अंमलबजावणीत होते आणि एक मोठा दोष रचनेतही होता. पगारातून रक्कम कापली जाते, पण ती कोठे गेली, शासनाचा वाटा भरला की नाही, त्यावर व्याज किती, याची पावती वर्षानुवर्षे हाती पडत नाही, ही शिक्षकांच्या संघटनांची जुनी तक्रार होती. सेवेत असताना मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या विधवेला जुन्या योजनेत जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळाले असते, ते नव्या योजनेत मिळत नव्हते. राज्याने ही उणीव २०२३ मध्ये दूर केली. म्हणजे योजना सुरू झाल्यावर सुमारे अठरा वर्षांनी! ज्या घरात कर्ता माणूस गेला, त्या घराने बाजाराचा आलेख पाहून समाधान मानावे, अशी अपेक्षा शासनाने इतकी वर्षे कशी केली, हे कळत नाही.

रचनेतला दोष असा, की सगळा धोका एकट्या कर्मचाऱ्याच्या डोक्यावर टाकला गेला. निवृत्तीच्या वेळी साठ्यातील ६० टक्के रक्कम हाती घ्यावी आणि किमान ४० टक्के रकमेची वर्षासने विकत घ्यावीत, असा नियम. समजा, अखेरचे वेतन ६० हजार असलेल्या शिक्षकाला त्याच्या निम्मे, म्हणजे ३० हजार रुपये दरमहा हवे आहेत. वर्षासनाचा दर ६ टक्के धरला, तर त्यासाठी ६० लाख रुपये गुंतवावे लागतील. आणि ही रक्कम साठ्याच्या ४० टक्के असेल, तर एकूण साठा दीड कोटीचा हवा. इतके करूनही मिळणारे ३० हजार कायम ३० हजारच राहणार. महागाई वाढली म्हणून ते वाढणार नाहीत. ज्यांची सेवा दहा-बारा वर्षांचीच झाली, त्यांच्या वाट्याला तर काही हजारांचे वर्षासन आले. निवृत्तीच्या वर्षी बाजार पडलेला असला, तर त्यात त्या शिक्षकाचा काय अपराध? जो धोका शासनासारख्या चिरंजीव संस्थेला सहज पेलतो, तो मर्त्य माणसाच्या एका आयुष्यात मावत नाही. नव्या योजनेच्या पुरस्कर्त्यांनी हे साधे सत्य दुर्लक्षिले, आणि मग जुन्या योजनेची मागणी प्रबळ झाली यात नवल नाही.

मागे जाण्याचा मोह

राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी २०२२-२३ च्या सुमारास जुन्या योजनेकडे परत जाण्याची घोषणा केली. या निर्णयाचे राजकीय गणित समजून घेण्यासारखे आहे. नव्या योजनेत शासनाला दोन्हीकडे पैसे मोजावे लागतात : जुन्या निवृत्तांना चालू निवृत्तिवेतन आणि नव्या नोकरांच्या खात्यात दरमहा वाटा. जुन्या योजनेकडे वळताच दुसरा खर्च त्या दिवसापासून थांबतो. निर्णय घेणाऱ्या सरकारचे पैसे वाचतात, कर्मचारी प्रसन्न होतात, आणि बिल येते ते १५-२० वर्षांनी, त्या वेळच्या मुख्यमंत्र्याच्या टेबलावर. उधारीवर लग्न करून हप्ते नातवाच्या नावे लिहिण्याचाच हा प्रकार. रिझर्व्ह बँकेत झालेल्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा अंदाज मांडला गेला, की सर्व राज्ये जुन्या योजनेकडे गेली तर एकूण भार नव्या योजनेच्या साडेचारपटींपर्यंत जाऊ शकेल आणि २०६० पर्यंत दरवर्षीचा जादा बोजा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोचेल. २०६० साल दूर वाटते खरे. पण आज पंचविशीत नोकरीला लागणारा तरुण त्या वर्षी नुकताच निवृत्त झालेला असेल. ज्यांच्यासाठी म्हणून हे करायचे, त्यांच्याच दारात तो पेच येऊन उभा राहणार आहे.

महाराष्ट्रातील घडामोडीही बोलक्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुन्या योजनेने १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, असे सांगितले. तीन महिन्यांत संप झाला. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. १ मार्च २०२४ रोजी अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के व त्यावर महागाई भत्ता देण्याची घोषणा विधिमंडळात झाली. आणि केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत योजना जाहीर करताच दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती. डिसेंबर २०२२ मध्ये जे राज्य दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते ते ऑगस्ट २०२४ मध्ये निम्म्या पगाराची हमी देण्याइतके सधन कसे झाले, हे सामान्य नागरिकाला कळेल अशा भाषेत कोणी सांगितले नाही. निर्णय चुकीचा होता असे येथे म्हणायचे नाही. त्याचा हिशेब लोकांपुढे यायला हवा होता, एवढेच म्हणायचे आहे.

पाटीवरचे गणित

हा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. शाळेच्या पाटीवर मांडता येईल असा आहे. कर्मचाऱ्याचे १० टक्के आणि शासनाचे १४ टक्के मिळून पगाराचे २४ टक्के दरवर्षी बाजूला पडतात असे धरा. निधीवरील परतावा पगारवाढीइतकाच राहिला असे माना. तीस वर्षांच्या सेवेत ७.२ वर्षांच्या अखेरच्या पगाराइतका साठा होईल. निवृत्तिवेतन निम्म्या पगाराचे, म्हणून हा साठा १४.४ वर्षे पुरेल. पण महाराष्ट्रात बहुसंख्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. त्यांचे सरासरी आयुष्य आणि पश्चात पत्नीचे काही वर्षांचे कुटुंब निवृत्तिवेतन धरले, तर गरज वीस वर्षांहून अधिक काळाची आहे. केंद्राच्या एकीकृत योजनेत, जी १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली, शासनाचा वाटा साडेअठरा टक्के आहे, एकूण साडेअठ्ठावीस. त्या हिशेबाने साठा १७ वर्षे पुरतो. परतावा पगारवाढीपेक्षा एखाद-दुसऱ्या टक्क्याने जरी सातत्याने अधिक मिळाला, तरी उरलेली खिंड भरून निघते.

या गणितातून दोन्ही पक्षांना काही शिकण्यासारखे आहे. निम्म्या पगाराची हमी म्हणजे राज्य बुडालेच, ही ओरड खरी नाही. दरमहा प्रामाणिकपणे रक्कम बाजूला काढली तर ती हमी पेलता येते. आणि बाजूला काहीच न काढता ती हमी देता येते, हा दावाही खरा नाही. कारण मग जवळजवळ तीस टक्के पगाराइतका बोजा अदृश्यपणे पुढच्या पिढीवर सरकतो. मतभेद हमीविषयी असण्याचे कारण नाही. ते असायला हवेत तरतुदीविषयी.

केंद्राच्या एकीकृत योजनेने हे बरेचसे ओळखले आहे. २५ वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, त्यावर महागाईची भर, पश्चात जोडीदाराला त्याच्या ६० टक्के, आणि दहा वर्षे सेवा झालेल्याला किमान १० हजार रुपये, असे तिचे स्वरूप आहे. तरीही केंद्राच्या सुमारे २३ लाख पात्र कर्मचाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तिचा विकल्प स्वीकारला. कोणाला आपल्या खात्यातील साठा सामायिक निधीत सोडणे नको वाटले, कोणाची २५ वर्षे भरत नाहीत, आणि कोणाला अजून पूर्ण जुनी योजनाच मिळेल अशी आशा आहे. या सर्वांच्या तळाशी अविश्वासच आहे. दोन दशकांत तीनदा नियम बदलणाऱ्या धन्यावर चौथ्यांदा विश्वास ठेवायला माणूस कचरतो.

काय करता येईल?

मग करावे काय? पहिली गोष्ट, हमी आणि निधी यांची गाठ कायद्याने बांधावी. शासनाचा वाटा दरमहा निधीत पडलाच पाहिजे, न पडल्यास त्यावर व्याज शासनाने द्यावे, आणि प्रत्येकाला आपल्या खात्याचा उतारा दरवर्षी मिळावा. निवृत्तिवेतनाच्या भावी देण्याचे विमागणिती मूल्यमापन दर तीन वर्षांनी विधिमंडळासमोर ठेवण्याचे बंधन असावे. जे देणे दिसत नाही ते कोणी फेडत नाही.

दुसरी, निवृत्तिवेतन अखेरच्या पगारावर ठरवण्याऐवजी अधिक वर्षांच्या सरासरीवर, महागाईची दुरुस्ती करून, ठरवण्याचा विचार व्हावा. ब्रिटनने हटन समितीच्या २०११ च्या अहवालानंतर कायदा करून २०१५ पासून आपल्या सार्वजनिक सेवकांना पूर्ण कारकिर्दीच्या सरासरीवर आणले. अखेरच्या पगाराचे सूत्र उतारवयात मोठ्या पदावर चढणाऱ्याला अधिक लाभ देते. आयुष्यभर एकाच श्रेणीत राहिलेल्या प्राथमिक शिक्षकाला वा शिपायाला त्याचा उपयोग नसतो. सरासरीचे सूत्र खालच्यांना न्याय देते आणि वरच्यांचा फुगवटा कमी करते. मात्र ब्रिटनने एक चूकही केली : वयस्कांना जुन्या योजनेत ठेवून तरुणांना नव्यात ढकलले, आणि २०१८ मध्ये तेथील न्यायालयाने हा वयावरून केलेला भेदभाव ठरवला. तारखेच्या रेषा आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तिसरी, टक्का सरसकट असू नये. कमी पगारावर निम्म्याहून अधिक आणि चढत्या पगारावर उतरता, अशी पायरी हवी. ज्याला १० हजारांची गरज आहे आणि ज्याला लाखाची सवय आहे, त्या दोघांना एकाच टक्क्याने मोजणे म्हणजे समता नव्हे.

चौथी, निवृत्तीचे वय. ते ५८ वरून ६० करावे ही कर्मचारी संघटनांची जुनी मागणी आहे, आणि वरच्या गणितात ती दोन्ही बाजूंनी उपकारक आहे. जमा दोन वर्षांनी वाढते आणि खर्च दोन वर्षांनी घटतो. परंतु स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत वय वाढत चाललेला विद्यार्थी हे वाचून हिरमुसला होईल, आणि त्याचे हिरमुसणे खोटे नाही. म्हणून वय वाढवायचेच, तर आधी रिक्त पदे भरण्याचे वेळापत्रक जाहीर करावे. निवृत्तिवेतन वाचवण्यासाठी पदेच न भरणे, किंवा ती कंत्राटावर भरणे, हा सर्वांत वाईट पर्याय आहे. खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा सप्टेंबर २०२३ चा निर्णय लोकक्षोभामुळे पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला. पण ती वृत्ती गेलेली नाही.

पाचवी गोष्ट आकड्याने लहान, पण नैतिकदृष्ट्या मोठी. एकाच कार्यकाळानंतर आमदाराला तहहयात निवृत्तिवेतन आणि शिक्षकाला मात्र २५ वर्षांची अट, ही विसंगती लोकांच्या डोळ्यांत सलते. पंजाबने २०२२ मध्ये कितीही वेळा निवडून आला तरी आमदाराला एकच निवृत्तिवेतन, असा कायदा केला. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी सुरुवात आपल्या घरापासून केली, तर त्यांचे शब्द ऐकले जातील.

कुंपणाबाहेरचे

एक गोष्ट कर्मचारी बंधूंना नम्रतेने, पण स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मार्च २०२३ चा संप चालू असतानाच राज्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. उभी पिके आडवी झाली आणि शेतकरी बांधावर उभा राहून पंचनाम्याची वाट पाहत राहिला. पंचनामा करणारे हात संपावर होते. त्या शेतकऱ्याला म्हातारपणी काय मिळते? निराधार ठरला तर श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये. केंद्राचा वृद्धांसाठीचा वाटा ८० वर्षांखालील माणसाला दरमहा २०० रुपये आहे, आणि तो वर्षानुवर्षे तेथेच थांबलेला आहे. कारखान्यात तीस वर्षे घाम गाळलेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून किमान १,००० रुपये मिळतात. हा आकडाही २०१४ चा. त्याला महागाई भत्ता नाही, वेतन आयोग नाही. पण तो माचिस घेतो, एस. टी. चे तिकीट काढतो, आणि या प्रत्येक वेळी सरकारी निवृत्तिवेतनाच्या खर्चात आपला वाटा टाकतो.

म्हणून सरकारी कर्मचाऱ्याचे कमी करावे, असे मुळीच नाही. एकाचे काढून घेतल्याने दुसऱ्याचे पोट भरत नाही. उलट सरकारी नोकरीतील हमी गेली की खाजगी क्षेत्रातील मालकांना तोच दाखला मिळतो. पण ज्यांच्या हाती संघटनेचे बळ आहे त्यांनी कुंपणाबाहेरच्या वृद्धांसाठीही आवाज उठवला, तर त्यांच्या मागणीला समाजाची सहानुभूती लाभेल. जुन्या पेन्शनच्या मोर्चात एक फलक निराधार वृद्धांच्या १,५०० रुपयांविषयी दिसला असता, तर त्या मोर्चाची उंची वाढली असती.

न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राचा आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नियुक्त झाला आहे. अंशदान नसलेल्या निवृत्तिवेतनाचा, तरतूद न केलेला खर्च लक्षात घ्यावा, असे त्याच्या कार्यकक्षेतच म्हटले आहे, आणि निवृत्तांच्या संघटना त्याने अस्वस्थ झाल्या आहेत. ही अस्वस्थता समजण्याजोगी आहे. जे निवृत्त झाले, ज्यांनी शासनाच्या शब्दावर आयुष्य काढले, त्यांच्या ताटातला घास काढणे हा विश्वासघात होईल. त्याला न्यायालयही मान्यता देणार नाही आणि समाजानेही देऊ नये. परंतु कार्यकक्षेतील त्या ओळीत विचारलेला प्रश्न टाळता येणार नाही.

नकारा निकालाने सांगितले, की निवृत्तिवेतन हा हक्क आहे. तो निकाल लागला तेव्हा हक्क सिद्ध करणे हेच मोठे काम होते. आज हक्काविषयी वाद उरलेला नाही. वाद तो पुरा करण्याच्या सामर्थ्याविषयी आहे. ज्या हक्कामागे पैसा ठेवलेला नाही तो कागदावरचा हक्क असतो, आणि कागदावरच्या हक्कांचे काय होते हे बाजीरावाच्या वारसांना विचारावे लागत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा करण्यामागे अर्थ असेल तर तो हाच, की घेतलेले आणि द्यायचे या दोहोंची नोंद एकाच पानावर असावी. शासनाने आपली वही तशी लिहायला आरंभ केला, तर त्या शिक्षक-खोलीतील दोन सहकारी पुन्हा एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलू शकतील.